‘दवाखान्यातच शिकेल की’ : एका रूढ मताचा प्रतिवाद

बारावीचा निकाल लागला की इंदापूर तालुक्यातल्या लासुर्णे, बेलवाडी, जंक्शन, अंथुर्णे या पट्ट्यात घरोघरी पुढच्या शिक्षणाचा खल सुरू होतो. नर्सिंग, डी.फार्म., डीएमएलटी, आयटीआय ही नावे आता सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांवरून मतभेद झाले तरी ते फी किती आणि कॉलेज कुठले, एवढ्यापुरतेच असतात. पण एखाद्या मुलीने किंवा मुलाने डेंटल असिस्टंटच्या प्रशिक्षणाला अर्ज करतो म्हटले, की आक्षेप थेट मुळावरच येतो. ‘त्याला कशाला हवा कोर्स? बारामतीत दातांचे दवाखाने काय कमी आहेत? एखाद्या डॉक्टरांकडे लावून द्या. चार-सहा महिन्यांत तयार होईल आणि वर पगारही घरी येईल.’

हे मत केवळ पारावरच्या गप्पांत असते, तर त्याच्या खंडनासाठी लेखणी उचलायचे कारण नव्हते. पण शिकलीसवरली माणसे ते मांडतात. कित्येक दंतवैद्यही ते मनापासून मांडतात. म्हणून त्याचा समाचार घेण्याआधी ते पुऱ्या ताकदीनिशी मांडले पाहिजे; दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष पाडण्यात पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्ष असा. दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीसाचे काम हाताचे आहे आणि हाताचे काम पाहून येते. सक्शनची नळी धरणे, हत्यारे पुढे करणे, सिमेंट कालवणे, खुर्ची पुसणे, पुढच्या रुग्णाचे नाव पुकारणे, याला वर्ग आणि फळा कशाला? आज तालुक्याच्या गावी जे उत्तम मदतनीस आहेत, त्यांतले बहुतेक असेच तयार झाले आहेत. कायदाही याच बाजूचा: १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक या तिघांची नोंदवही ठेवली, मदतनीसाची ठेवली नाही. शिवाय या नावाने चालणारे अनेक कोर्स म्हणजे दोन खोल्या, एक फलक आणि शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र. फी भरून ते आणले तरी डॉक्टर पगार तेवढाच देतात. मग ऊस उत्पादकाने किंवा ऊसतोड मजुराने आपल्या लेकराची फी अशा ठिकाणी का घालावी?

या युक्तिवादात खरा अंश आहे, आणि कोर्सच्या दर्जाबद्दलचा अंश तर मोठा आहे. तिथे मी येईनच. पण खऱ्या अंशावरून काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही.

प्रतिपक्षाकडे इतिहासातले दोन भक्कम साक्षीदार आहेत. त्याने बोलावले नसले, तरी न्यायासाठी मीच त्यांना उभे करतो. पहिले न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स. दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी मदतनीस म्हणून स्त्रीला नेमण्याचा प्रघात त्यांनी १८८५ मध्ये पाडला, असे या व्यवसायाचा इतिहास सांगतो. तिच्याकडे कुठले प्रमाणपत्र होते? कुठलेच नाही. दुसरे कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टचे आल्फ्रेड फोन्स. त्यांनी १९०६ मध्ये आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला स्वतःच्याच दवाखान्यात दात साफ करण्याचे काम शिकवले. ‘दवाखान्यातच शिकेल’ याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

पण साक्ष अर्धी ऐकून निकाल द्यायचा नसतो. फोन्स यांनी पुढे काय केले? एक मदतनीस अशी तयार झाल्यावर ‘आता सर्व दंतवैद्यांनी आपापल्या मदतनिसांना असेच शिकवावे’ असे म्हणून ते थांबले नाहीत. १९१३ मध्ये त्यांनी शाळा काढली. शरीररचना, जंतुशास्त्र, रोगनिदान शिकवायला नामवंत विद्यापीठांतले प्राध्यापक बोलावले. आणि १९१७ मध्ये न्यूमन यांना त्यांच्या क्षेत्रातला पहिला परवाना मिळाला. दवाखान्यात शिकवण्याचा प्रयोग ज्याने जगात सर्वांत यशस्वी केला, त्यानेच तो अपुरा ठरवून शाळा उघडली. ही साक्ष कोणाच्या बाजूची?

केल्स यांची साक्ष तर अधिक कडू आहे. एक्स-रेचा शोध लागताच १८९६ मध्ये त्यांनी तो दातांसाठी वापरायला घेतला. वर्षानुवर्षे हाताने प्लेटा धरल्या. किरणांचा परिणाम कळायला फार उशीर झाला. आधी बोटे, मग हात असे अवयव गमवावे लागले आणि १९२८ मध्ये त्यांचा शोकान्त झाला. ते आपल्या काळातले अत्यंत हुशार दंतवैद्य होते. डोळ्यांनी पाहून सर्व काही शिकता येते असे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे: किरण कोणत्या डोळ्याने दिसतात? आज आपल्याकडे दातांच्या एक्स-रे यंत्रावरही अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे आणि फिल्म मदतनीसाने बोटांनी धरायची नाही हा पहिला धडा आहे. तरी ‘जरा धर गं’ हे तीन शब्द किती दवाखान्यांत उच्चारले जातात, हे दंतवैद्यांनी स्वतःलाच विचारावे.

आता मूळ प्रतिज्ञेकडे वळू. काम हाताचे आहे, म्हणून पाहून येते. मी म्हणतो, या कामाचा सर्वांत मोठा भाग दिसतच नाही.

एक रुग्ण उठला आणि दुसरा बसायचा आहे, या मधल्या वेळात काय घडते ते जवळून पाहा. ट्रेमध्ये आरसा, प्रोब, चिमटा, रक्त लागलेले स्केलर पडलेले आहे. रक्त वाळू द्यायचे नाही. वाळले की ते ब्रशलाही दाद देत नाही आणि त्याच्या पापुद्र्याखाली जंतू सुरक्षित राहतात. म्हणून हत्यारे ताबडतोब द्रावणात बुडवायची. मग जाड हातमोजे घालून घासायची. तपासणीचे पातळ हातमोजे इथे चालत नाहीत, टोकदार हत्यार त्यांतून आरपार जाते. धुऊन कोरडी करायची. पाऊचमध्ये घालून बंद करायची, ऑटोक्लेव्हमध्ये एकावर एक न रचता सुटसुटीत लावायची, कारण वाफ जिथे पोचत नाही तिथे निर्जंतुकीकरणही पोचत नाही. १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब आणि ठरलेला वेळ. किंवा १३४ अंश, अधिक दाब आणि कमी वेळ. चक्र संपले तरी पाऊच ओले असताना बाहेर काढायचे नाही, कारण ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत शिरतात. पाऊचवरची पट्टी काळी पडली म्हणजे हत्यार निर्जंतुक झाले, असे पाहून शिकलेला माणूस छातीठोकपणे सांगतो. ते खोटे आहे. बाहेरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ पाऊचला उष्णता लागली, एवढाच. यंत्र खरोखर जंतू मारते की नाही, हे ठरावीक काळाने बीजाणूंची चाचणी करूनच कळते.

यातले किती डोळ्यांनी दिसते? उकळलेले हत्यार आणि निर्जंतुक केलेले हत्यार शेजारी ठेवा. दोन्ही सारखीच चमकतात. १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात कित्येक जंतूंचे बीजाणू तग धरून राहतात, पण ते ना डॉक्टरांना दिसतात ना रुग्णाला. जे काम चुकले तरी अगदी बरोबर झाल्यासारखेच दिसते, ते पाहून कसे शिकायचे?

हे पुस्तकी वाटत असेल, तर तमिळनाडूतल्या तिरुपत्तूर जिल्ह्यातले वाणियम्बाडीचे प्रकरण पाहा. २०२३ मध्ये त्या भागात मेंदूपर्यंत जाणाऱ्या मेलिऑइडोसिस या संसर्गाची साथ आढळली. हा जंतू माती-पाण्यात राहणारा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले डॉक्टर आणि सरकारी संशोधक यांनी केलेला तपास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण २१ रुग्ण. त्यांतले बरेच एकाच दातांच्या दवाखान्यात गेलेले, आणि त्या दवाखान्याशी जोडल्या गेलेल्यांपैकी आठ जण दगावले. कारण काय सापडले? सलाईनची बाटली शस्त्रक्रियेच्या हत्याराने उघडायची, सैलसर बंद करून ठेवायची आणि तीच पुढच्या रुग्णांना वापरायची. त्या दवाखान्यात कोणाचे शिक्षण किती होते, हा इथे माझा मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की, दाढ काढण्यात किंवा मुळावरच्या उपचारात काही चुकले नव्हते. चूक बाटली उघडण्यात होती. प्रतिपक्ष ज्याला ‘त्यात काय शिकायचे’ म्हणतो, नेमके तेच ते काम.

आणि ही सवय कशी पसरते? पाहूनच. नवी मुलगी जुन्या मदतनीसाला बाटली तशी उघडताना पाहते आणि हीच रीत समजते. दवाखान्यात राहून माणूस दंतविद्या शिकत नाही, त्या दवाखान्याची वहिवाट शिकतो. वहिवाट चांगली असेल तर चांगला शिकतो, वाईट असेल तर वाईट. दोहोंतला फरक ओळखण्याचे साधन मात्र त्याला मिळत नाही. प्रशिक्षणाचे खरे देणे हेच साधन आहे. अमुक करा हे दवाखानाही सांगतो. का करायचे, आणि कोणी नको म्हटले तरी का सोडायचे नाही, हे प्रशिक्षण सांगते.

ज्यांना हा तर्क दूरचा वाटतो, त्यांना एक जवळचा दाखला देतो. लासुर्ण्याच्या शेजारी वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटार-केसिंगपर्यंत कामे तिथल्या कारखान्यात झाली, याचा या सगळ्या परिसराला रास्त अभिमान आहे. तिथे वेल्डिंग करणारा हातच हवा. पण तो आयटीआयमधून आलेला, उमेदवारी केलेला, परीक्षा दिलेला हात असावा लागतो. ‘कारखान्यात सोडा, बघून शिकेल’ असे तिथे कोणी म्हणत नाही. लोखंडाच्या सांध्याला जे लागू, ते माणसाच्या जबड्याला का लागू नसावे?

आता स्वतः त्या मुलीच्या जिवाचा प्रश्न. या वादात तो क्वचितच निघतो, म्हणून मला तो अधिक खटकतो. ‘डॉक्टरांकडे लावून द्या’ म्हणणारे पालक तिला नेमके कुठे लावत आहेत? भूल देण्यासाठी वापरलेली सुई, रक्त लागलेली फाईल, वापरलेले ब्लेड, हे सारे दिवसभर तिच्या बोटांपासून इंचभर अंतरावर असते. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते. हेपॅटायटिस बी मात्र, लस न घेतलेल्या व्यक्तीला, शंभरात तीसपर्यंत होऊ शकतो. घरोघरी भीती एचआयव्हीची असते. खरा धोका दुसराच आहे आणि तो लशीने टळतो. ही लस देशभरातल्या बालकांच्या लसीकरणात २०११ पर्यंत पोचली. त्याआधी जन्मलेल्या अनेक मुलामुलींना ती लहानपणी मिळालेली नाही. कामावर लागलेल्या नव्या मुलीला पहिल्या दिवशी लशीबद्दल किती ठिकाणी विचारतात? सुईचे टोपण दोन्ही हातांनी बसवायचे नाही, एका हाताने उचलून घ्यायचे, हे तिला कोण शिकवते? टोचलीच तर लपवायचे नाही, लगेच धुवायचे, डॉक्टरांना सांगायचे आणि ७२ तासांच्या आत औषध सुरू करायचे, हे तिला कधी कळते? टोचल्यावर? चांगल्या प्रशिक्षणात हे पहिल्या पंधरवड्यात शिकवले जाते. चार महिन्यांचा पगार घरी आला हा हिशेब करताना ही बाजू वहीत का धरली जात नाही?

प्रतिपक्ष म्हणेल, ठीक आहे. जंतू आणि सुया यांपुरते मान्य. पण बाकीचे काम तर हाताचेच ना? तेही तपासू. दातांचे माप घ्यायला जो लगदा कालवतात, त्याला अल्जिनेट म्हणतात. पावडर आणि पाणी यांचे प्रमाण ठरलेले, वेळ दोन-तीन मिनिटांची. पाणी कोमट झाले की तो लवकर आवळतो. इंदापूर तालुक्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि टाकीतले पाणी हाताला चटका देते. पाहून शिकलेल्या मदतनीसाला जानेवारीत जमलेले माप मेमध्ये का बिघडते, ते कळत नाही. वाटीतच लगदा घट्ट होतो, डॉक्टर चिडतात, माप पुन्हा घ्यावे लागते, आणि ज्या आजोबांना आधीच उबळ येते त्यांच्या तोंडात तो ट्रे दुसऱ्यांदा जातो. शिकलेली मदतनीस पाणी गार करून घेते. हात दोघींचे सारखेच. फरक कारण माहीत असण्याचा आहे.

तीच गोष्ट विचारपूस करण्याची. खेडेगावातून आलेला रुग्ण डॉक्टरांपुढे बसल्यावर सगळे सांगत नाही; बाहेर बाकड्यावर मदतनीसाजवळ बोलतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, साखर आहे, सकाळपासून पोटात काही नाही, मागे इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या. यातले काय डॉक्टरांच्या कानावर घालायचे, हे ओळखायला शिकावे लागते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते; त्यांतही धूम्रपान फक्त ३.८ टक्के, बाकी सारी मशेरी, गायछाप, मावा अशी तोंडात धरायची. गालात पांढरा चट्टा, बोटे आत जाणार नाहीत इतके आवळलेले तोंड, महिनाभर न भरलेली जखम: याचे निदान करणे मदतनीसाचे काम नाही. पण ‘डॉक्टर, यांचे तोंड पुरते उघडत नाही’ एवढे वाक्य योग्य वेळी उच्चारणे हे तिचेच काम आहे. त्या वाक्याने एखाद्याचा कर्करोग वर्षभर आधी हाती लागू शकतो.

मर्यादेचा मुद्दा याहून नाजूक आहे. मदतनीसाने काय करायचे नाही? भूल द्यायची नाही, दात कोरायचा नाही, काढायचा नाही, औषध लिहून द्यायचे नाही. प्रशिक्षणात ही रेघ आधी आखली जाते. दवाखान्यात राहून शिकणाऱ्याला ती कोणी आखून देत नाही, उलट गर्दीच्या दिवशी ती पुसली जाते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात २०१३ मध्ये एका मुखशल्यविशारदाच्या दवाखान्याची चौकशी झाली. परवाना नसलेले मदतनीस शिरेतून गुंगीचे औषध देत होते, निर्जंतुकीकरणाची हेळसांड होती. सुमारे ७,००० रुग्णांना तपासणीसाठी बोलवावे लागले आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याला हेपॅटायटिस सी झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले. अनुभव त्या मदतनिसांकडे भरपूर होता. मर्यादा माहीत नसलेला अनुभव किती घातक होतो, ते इथे दिसले. आणि आपल्याकडे? एखाद्या दवाखान्यात दहा वर्षे काढलेला ‘कंपाउंडर’ पुढे आडगावात स्वतःच खुर्ची मांडून दाढा काढू लागतो, हे वाचकांना नवे नाही. बोगस दंतवैद्य निपजतो तो असाच, ‘पाहून शिकेल’ या शाळेत.

कायद्याचा आक्षेप वरवर भारी, पण आतून पोकळ आहे. १९४८ च्या कायद्यात मदतनीसाची नोंदवही नाही, हे खरे. पण नोंदवही नाही म्हणजे शिक्षणाची गरज नाही, हे कुठून आले? रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञांना सामावून घेणारा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये आला. त्याआधीची अनेक दशके कोणी म्हणाले का, की डीएमएलटी करू नका, लॅबमध्ये लावून द्या, बघून शिकेल? कायदा गरजेच्या मागून येतो. दंतक्षेत्रातही तो येतोच आहे: २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने दंतवैद्यांसोबत सहायकवर्गालाही नियमनाच्या कक्षेत धरले आहे. तिकडे कौशल्यविकासाच्या राष्ट्रीय चौकटीत ‘डेंटल असिस्टंट’ ही स्वतंत्र पात्रता म्हणून नोंदलेली आहे. ज्या दिवशी नोंदणी सक्तीची होईल, त्या दिवशी कोण आत असेल आणि कोण दाराबाहेर, हे आज केलेल्या अर्जावर ठरणार आहे.

राहिला बोगस कोर्सचा मुद्दा. इथे मी प्रतिपक्षाशी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच त्यांच्या निष्कर्षाशी पूर्ण असहमत. खोटी नाणी चलनात असतात ती खऱ्या नाण्याला किंमत असते म्हणून. उपाय नाणे टाकून देणे हा नाही, वाजवून घेणे हा आहे. अर्ज भरण्याआधी पुढील गोष्टी विचारल्याच पाहिजेत. प्रमाणपत्रावर सही कोणाची, आणि ती संस्था शासनमान्य प्रमाणन-व्यवस्थेत आहे का? संस्थेत दंतखुर्ची, सक्शन आणि चालू ऑटोक्लेव्ह प्रत्यक्ष आहे, की फक्त भिंतीवर चित्र? रुग्ण असलेल्या दवाखान्यात किंवा दंतमहाविद्यालयात किती तास काम करायला मिळणार? मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत? आणि जाहिरातीत नाव कुठले आहे? डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक हे बारावी विज्ञाननंतरचे, दोन वर्षांचे, कायद्यात नोंदणी असलेले अभ्यासक्रम आहेत. डेंटल असिस्टंटचा कोर्स वेगळा, बहुधा त्याहून लहान. जाहिरातदार ही नावे सरमिसळ करतात, पालक एकाची फी भरतात आणि दुसऱ्याचे प्रमाणपत्र घरी आणतात. ज्या मुलीचे विज्ञान चांगले आहे आणि घरची दोन वर्षे थांबायची तयारी आहे, तिने हायजिनिस्टचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पगाराबद्दल थोडक्यात. पगार तेवढाच मिळतो या तक्रारीचा रोख मुलांकडे नसून डॉक्टरांकडे हवा. चार हातांनी काम करण्याची पद्धत, म्हणजे दंतवैद्य आणि मदतनीस यांनी ठरलेल्या जागी बसून एका लयीत काम करणे, ही दंतवैद्यालाही शिकावी लागते. अमेरिकेत १९६० च्या दशकात सरकारने दंतमहाविद्यालयांना त्यासाठी अनुदाने दिली. आपल्याकडे बीडीएसचा विद्यार्थी बहुतेकदा एकटाच खुर्चीशी झगडत शिकतो. मदतनीसाचा खरा उपयोग त्याने पाहिलेलाच नसतो. ज्याची किंमत माहीत नाही, त्याला किंमत कोण देणार? बारामती आणि इंदापूरच्या दंतवैद्यांना माझी विनंती आहे: नव्या मदतनीसाला नेमताना ‘काम येते का’ याबरोबर ‘शिकलात कुठे’ हेही विचारा, आणि उत्तर समाधानकारक असेल तर ते पगारात दिसू द्या. तुमच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे निष्ठेने राबलेल्या जुन्या मदतनिसांचा मी अवमान करत नाही. त्यांच्या अनुभवाला प्रमाणपत्राची जोड द्या; पूर्वअनुभव तपासून पात्रता देण्याची सोय राष्ट्रीय कौशल्य-चौकटीत आहे.

आणखी एक आक्षेप कोणी चारचौघांत बोलत नाही, घरात बोलतात. ‘लोकांची थुंकी पुसायची? आपल्या मुलीने?’ याला उत्तर तर्काने देण्याची गरजच नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रुग्णांची सेवा करत होत्या आणि त्याच वर्षी १० मार्चला प्लेगनेच त्यांचा अंत झाला. ज्या जिल्ह्यात हे घडले, त्या जिल्ह्यात हा आक्षेप कोणी कोणत्या तोंडाने घ्यावा? आणि मुलींचेच काम का समजावे? मुलांनीही अर्ज करावा.

पुणे लांब, राहण्याचा खर्च मोठा, ही अडचण खरी आहे. पण ती नर्सिंगलाही आहे आणि इंजिनीअरिंगलाही. तिथे आपण कर्ज काढतो.

निकाल वाचकांनी द्यायचा आहे. मात्र तो देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. उद्या आपलीच दाढ ठणकली, आपण खुर्चीत मागे टेकलो, डोळ्यांवर दिवा आला आणि ट्रेमधले पाऊच फाडले गेले, तर ते पाऊच बंद करणारा हात कुठला असावा असे आपल्याला वाटते?

ज्यांनी अर्ज करायचे ठरवले आहे, त्यांनी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला आताच काढून ठेवावा. प्रवेशाच्या दिवसांत सेवा केंद्रांवर रांगा लागतात. आणि प्रवेश मिळण्याची वाट न पाहता हेपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोस घ्यावा. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात असतो, आणि रुग्णाच्या खुर्चीशेजारी उभे राहण्याआधी ते तिन्ही पूर्ण झालेले बरे.